‘नाही’ म्हणायला काय जातं?

चार वर्षांपूर्वी मी दोन ओळींची एक फाइल लिहिली. पहिली ओळ सांगते की ही शेल स्क्रिप्ट आहे. दुसरी ओळ ‘एक्झिट झिरो’, म्हणजे ‘काम व्यवस्थित झालं, निघतो’. मधे काही नाही. फाइलीचं नाव इन्स्टॉल-एसएच. या नावाच्या फाइलीचं काम असतं तयार झालेला प्रोग्राम उचलून त्याच्या ठरलेल्या जागी नेऊन ठेवणं. माझी फाइल काही उचलत नव्हती, कुठे ठेवत नव्हती, आणि विचारलं की ‘झालं’ म्हणत होती.

हे मी का केलं ते आधी सांगतो. आमचं उत्पादन म्हणजे पाणीपुरवठ्याच्या पंपांवर बसवायची एक छोटी पेटी. पंप किती वेळ चालला, दाब किती होता, हे ती ऑफिसला कळवते. त्यात एक जुनी, बाहेरून घेतलेली लायब्ररी होती. रिलीजच्या आदल्या संध्याकाळी ती बिल्ड होईना. कॉन्फिगर स्क्रिप्ट म्हणाली, इन्स्टॉल-एसएच, इन्स्टॉल.एसएच किंवा एसएचटूल यांपैकी काहीही सापडत नाही. मी इथे पाहिलं, एक पायरी वर पाहिलं, दोन पायऱ्या वर पाहिलं. मला यातलं एकही नाव माहीत नव्हतं. आमचा लीड मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, “अरे, ती फाइल नुसती असावी लागते, वापरत कोणी नाही. डमी टाक आणि पुढे चल.” मी डमी टाकली. बिल्ड झालं. आम्ही जेवायला गेलो.

लीड अर्धा बरोबर होता, आणि अर्धं बरोबर असणं हेच अशा प्रकरणांत जास्त घातक असतं. कॉन्फिगर खरोखरच आधी फक्त एवढं बघते की त्या नावाची फाइल आहे का. आत काय आहे ते उघडून बघत नाही. पुढे सिस्टिमचा स्वतःचा ‘इन्स्टॉल’ प्रोग्राम सापडला तर तोच वापरते. नाहीच सापडला तर इन्स्टॉल-एसएचकडे वळते. आमच्या बिल्ड मशीनवर तो प्रोग्राम होता. म्हणून माझी डमी दोन वर्षं बिनकामाची, बिनउपद्रवी पडून राहिली.

मग कोणीतरी बिल्डची इमेज छोटी केली. नव्या इमेजमध्ये सिस्टिमचा ‘इन्स्टॉल’ नव्हता. कॉन्फिगर शांतपणे माझ्या फाइलीकडे वळली. बिल्ड हिरवं. पॅकेज तयार, फोल्डर जागच्या जागी, फक्त फोल्डरांत लायब्ररी नाही. ते पॅकेज पेट्यांवर गेलं. अपडेट ‘यशस्वी’ झालं आणि पेटीत आधीचीच लायब्ररी राहिली. जो दोष घालवायला हे अपडेट होतं, म्हणजे काही दिवसांनी पेटी गोठून एकच आकडा पाठवत राहणं, तो तसाच राहिला.

याचं खापर कोणावर फुटलं? लीडवर नाही, माझ्यावरही नाही. सोलापूर जिल्ह्यात पंपघरांवर जाऊन अपडेट टाकणारा कॉन्ट्रॅक्टवरचा एक मुलगा होता, त्याच्यावर. ऑफिसचं म्हणणं, याने अपडेट टाकलंच नाही, नुसता फोटो काढून आला. तो म्हणत राहिला, “सर, मी टाकलंय, स्क्रीनवर सक्सेस आलं होतं.” त्याला तीन वेळा परत पाठवलं आणि त्या तीन फेऱ्यांचा प्रवासभत्ता अडवून ठेवला. स्क्रीनवर ‘सक्सेस’ खरंच आलं होतं. ते मी लिहिलं होतं.

शेवटी एक पेटी ऑफिसात आली, मी तिच्यातल्या लायब्ररीचा चेकसम काढला, तो जुन्याशी जुळला, आणि तासाभरात मी माझ्याच दोन ओळींपाशी पोचलो. गिटमध्ये समोर माझं नाव, तारीख आणि संदेश: ‘बिल्ड दुरुस्त केलं’.

हा लेख त्या संदेशाविरुद्ध आहे.

*

ज्यांचा या प्रकाराशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी ऑटोकॉन्फ लिहायला घेतलं. तेव्हा युनिक्सचे डझनभर प्रकार होते आणि प्रत्येकाचे नखरे वेगळे. एकाचा ‘इन्स्टॉल’ एक पर्याय समजायचा, दुसऱ्याचा तोच पर्याय भलताच अर्थ लावायचा, तिसऱ्याकडे तो प्रोग्रामच नसायचा. ऑटोकॉन्फने एक चांगलं तत्त्व पाळलं: ज्याला प्रोग्राम वापरायचाय त्याच्याकडे शेल, मेक आणि कंपायलर एवढंच असेल असं धरायचं. ऑटोकॉन्फसुद्धा त्याच्याकडे असण्याची गरज नाही. बाकी जे लागेल ते टारबॉलमध्ये बांधून द्यायचं. गावाहून निघताना आई शिदोरी बांधून देते, तसंच. वाटेत हॉटेल लागेल न लागेल.

त्या शिदोरीत मदतनीस स्क्रिप्ट असतात. इन्स्टॉल-एसएच मुळात एक्स विंडो सिस्टिमच्या एक्स११आर५मधून आलेली. तिच्या नावात टिंबाऐवजी आडवी रेघ का, यालाही कारण आहे: काही मेक प्रोग्राम ‘इन्स्टॉल.एसएच’ दिसली की मेकफाइल नसताना तिच्यापासून आपोआप ‘इन्स्टॉल’ नावाची फाइल बनवून टाकायचे. कॉन्फिग-गेस आपण कुठल्या यंत्रावर आहोत याचा अंदाज बांधते. कॉन्फिग-सब त्या यंत्राचं नाव प्रमाण रूपात लिहिते. आणि एका स्क्रिप्टचं नावच ‘मिसिंग’ आहे. ती १९९६मध्ये फ्रांस्वा पिनार यांनी लिहिली; एखादं हत्यार गैरहजर असेल तेव्हा काय करायचं हे तिचं काम.

या स्क्रिप्टांची गंमत अशी की त्या कुणाच्याच नसतात. प्रकल्पाचा लेखक म्हणतो, मी नाही लिहिल्या, ऑटोमेकने टाकल्या. ऑटोमेकवाले म्हणतात, आम्ही फक्त प्रत दिली, जपणं तुमचं. वापरणारा त्या कधी उघडत नाही. रिव्ह्यू करणारा यादीत त्यांची नावं दिसली की खाली सरकतो. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, ही म्हण सॉफ्टवेअरसाठी नव्हती, पण बिल्डच्या फोल्डरला चपखल बसते.

*

माझी तक्रार फाइल गायब होण्याबद्दल नाही. फायली गायब होणारच. ऑटोमेकला ‘नसलेल्या फायली घाल’ असं सांगितलं की तो डीफॉल्टने प्रती घालत नाही, सिमलिंक घालतो, म्हणजे तुमच्या मशीनवरच्या मूळ फाइलीकडे बोट दाखवतो. ते बोट तुम्ही गिटमध्ये टाकलंत की दुसऱ्याच्या मशीनवर ते हवेत राहतं. एखाद्याकडे स्क्रिप्टचा चालवण्याचा परवाना उडतो. एखाद्याचा एडिटर विंडोजच्या ओळी घुसवतो. हे मानवी आहे, होतं.

माझी तक्रार गैरहजेरी लपवण्याबद्दल आहे.

‘मिसिंग’ स्क्रिप्टचंच घ्या. कित्येक वर्षं तिचं वर्तन असं होतं: समजा तुमच्याकडे ऑटोमेक नाही, पण मेकच्या मते एक फाइल शिळी झाली आहे आणि ती ऑटोमेकने पुन्हा बनवायला हवी. तर ‘मिसिंग’ इशारा छापायची आणि त्या शिळ्या फाइलीवर नुसता आजच्या वेळेचा शिक्का मारायची. मेकला वाटायचं फाइल ताजी झाली. बिल्ड पुढे. कालच्या वड्यावर आजची तारीख चिकटवली, एवढंच. हेतू वाईट नव्हता. ज्याने काही बदललंच नाही त्याला घड्याळाच्या गोंधळाने अडवू नये, असा तो दयाळू विचार होता. पण ज्याने खरंच बदल केला होता त्याचा बदल यात गुपचूप गिळला जायचा, आणि इशारा हजार ओळींच्या धबधब्यात वाहून जायचा. ऑटोमेक १.१३पासून हे बंद झालं. आता हत्यार नसेल तर ती नाही म्हणते, कुठलं हत्यार, कधी लागतं आणि कुठे मिळेल ते सांगते, आणि थांबते. तेव्हा काही लोक चिडले, आज त्याविषयी कोणी बोलत नाही. मला तो अलीकडच्या काळातला सगळ्यात नैतिक बदल वाटतो, आणि मी ‘नैतिक’ हा शब्द विचार करून वापरतोय.

चांगली ‘नाही’ कशी असते याचा नमुना कॉन्फिग-गेसमध्ये आहे. यंत्र ओळखता आलं नाही तर ती स्क्रिप्ट साधारण असं म्हणते: मी अमुक तारखेची स्क्रिप्ट आहे, मला तुमची सिस्टिम ओळखता आली नाही. मी जुनी असेन तर नवी प्रत अमुक ठिकाणी मिळेल. नवी घेऊनही अडलं तर खालची माहिती या पत्त्यावर पाठवा. स्वतःचं वय सांगणारी, आपल्यात कमी असू शकते हे कबूल करणारी आणि पुढचा रस्ता दाखवणारी एरर मी फार कमी पाहिल्यात. जुन्या प्रकल्पांतल्या प्रतींना ६४-बिट आर्म माहीतच नव्हतं, म्हणून नव्या बोर्डांवर आणि नव्या सर्व्हरांवर त्या जागोजाग अडल्या. पण अडल्या तिथे त्यांनी कारण सांगितलं. माणसं नवी प्रत आणून पुढे गेली. पेटी घेऊन कोणाला सोलापूरला तीन फेऱ्या माराव्या लागल्या नाहीत.

*

आता मला सांगितल्या जाणाऱ्या सबबींकडे येतो. या सगळ्या मी स्वतःही दिलेल्या आहेत.

पहिली: “माझ्या मशीनवर चालतंय.” चालत असेलच. मदतनीस फायलींचं फोल्डर कोणतं हे प्रकल्पाने स्पष्ट सांगितलं नसेल, तर कॉन्फिगर आजूबाजूला शोधते: चालू फोल्डर, त्याच्या वरचं, त्याच्याही वरचं. तुमच्या लॅपटॉपवर वरच्या फोल्डरात दुसऱ्याच प्रकल्पाची इन्स्टॉल-एसएच पडलेली असते, आणि तुमचं बिल्ड शेजाऱ्याच्या चुलीवर शिजत असतं. तुम्हाला पत्ता नसतो. उपाय ऑटोकॉन्फमध्येच आहे, कॉन्फिगरच्या मूळ फाइलीतली एक ओळ: माझे मदतनीस या फोल्डरात आहेत. ती लिहायला एक मिनिट लागतं.

दुसरी: “ऑटोटूल्स जुनं झालं, नवीन काहीतरी वापरा.” जुनं आहे, मान्य. ऑटोकॉन्फच्या २.६९ आणि २.७० या आवृत्त्यांमध्ये आठ वर्षांहून जास्त अंतर होतं. २०१२ ते २०२०. पण नव्यात काय वेगळं आहे? अँड्रॉइडवर काम करणाऱ्या कुणालाही विचारा. ग्रेडलच्या प्रकल्पात एक छोटी रॅपर जार फाइल गिटमध्ये ठेवायची असते. जावासाठीच्या तयार गिटइग्नोर याद्या सगळ्याच जार वगळतात, तीही वगळली जाते, आणि नवा आलेला मुलगा पहिल्याच दिवशी ‘मुख्य क्लास सापडला नाही’ या ओळीकडे बघत बसतो. फाइल नाही, असं त्याला कोणी सांगत नाही. सीमेक तर एखादं पॅकेज सापडलं नाही की म्हणतो, तुम्ही अमुक शोध-फाइल दिली नाहीत, म्हणजे तुम्ही मला तमुक फाइल शोधायला सांगितलं आहे, आणि ती मला सापडली नाही. वाक्य बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला आपण काहीतरी गुन्हा केलाय असंच वाटतं. हत्यार बदललं तरी सवय तीच राहते, कारण सवय आपली असते.

तिसरी: “वेळ नव्हता.” हिला मी सगळ्यात जास्त घाबरतो, कारण ती खरी असते. रिलीजच्या आदल्या रात्री कुणालाच वेळ नसतो. पण त्या रात्री मी नेमका किती वेळ वाचवला? ऑटोरीकॉन्फला ‘इन्स्टॉल’चा पर्याय देऊन पाहणं, फार तर दुसऱ्या प्रकल्पातून खरी इन्स्टॉल-एसएच उचलून आणणं, यात वीस मिनिटं गेली असती. डमीला दोन मिनिटं लागली. ती अठरा मिनिटं मी वाचवली नाहीत, एका अनोळखी मुलाच्या खात्यावर उधार टाकली. त्याने ती एसटीत बसून फेडली.

*

हे आम्ही शिकलो कुठे, हा प्रश्न मी स्वतःला बरेच दिवस विचारला. उत्तर फार लांब नाही. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला एक गोष्ट पक्की शिकवली गेली: फाइल असली पाहिजे. आत काय आहे ते कोणी बघत नाही. सबमिशनच्या आठवड्यात एक जर्नल अख्ख्या बॅचमध्ये फिरायचं. जे प्रयोग झालेच नाहीत त्यांची रीडिंग आम्ही आलेखावरून उलटी काढायचो. तपासणारे सर पानं मोजायचे, अनुक्रमणिकेवर सही करायचे. वर्गात एकाने दोघांची प्रॉक्सी लावायची. त्यांना बोल लावत नाही; एकेका सरांकडे शंभराहून जास्त जर्नलं असायची, त्यांनाही वरून कोणीतरी फक्त सह्या मोजायचं.

कॉन्फिगर स्क्रिप्ट जेव्हा फक्त ‘या नावाची फाइल आहे का’ एवढं तपासते, तेव्हा ती त्या सरांसारखीच पानं मोजत असते. आणि माझी दोन ओळींची फाइल म्हणजे प्रॉक्सी होती: हजेरीत नाव, बाकावर कोणी नाही. मी नोकरीत नवीन काही पाप केलं नाही. डिग्रीत जे शिकलो ते कामाला लावलं.

म्हणून ‘अरे, एवढ्याशा स्क्रिप्टवर निबंध काय लिहितोस’ असं कोणी म्हटलं की मला राग येतो. कोणीच बघत नाही अशी जागा एवढीशी कधीच नसते. याचा पुरावा मार्च २०२४मध्ये सगळ्या जगाला मिळाला. एक्सझेड ही फायली आकसणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलेलं सापडलं. त्याचा विषारी भाग चाचणीच्या फायलींच्या वेषात रेपोमध्येच होता. पण त्याला जागं करणारी कळ एका मदतनीस एम४ फाइलीत होती, बिल्ड-टू-होस्ट नावाच्या. ती बदललेली फाइल गिटमध्ये नव्हती, फक्त टारबॉलमध्ये होती. म्हणजे शिदोरीत. हल्ला करणाऱ्याने कित्येक महिने विश्वास कमावला आणि मग नेमकी ती जागा निवडली जिथे रिव्ह्यू करणाऱ्याचं बोट खाली सरकतं. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच लॉगिन सुमारे अर्धा सेकंद उशिरा होतंय हे खटकलं, तो खणत गेला, आणि २९ मार्चला त्याने ते जाहीर केलं. त्याला खटकलं नसतं तर? अर्ध्या सेकंदासाठी एवढी डोकेफोड कशाला, असं म्हणणारा लीड त्याच्या मागे उभा असता तर?

माझ्या डमीत आणि त्या हल्ल्यात हेतूचं जमीनअस्मानाचं अंतर आहे. पण दोघांनी वापरलेली फट एकच आहे. ‘ती फाइल कोणी बघत नाही’ हे वाक्य आमच्या लीडने आळसाने म्हटलं, त्या हल्लेखोराने हिशेबाने म्हटलं असणार. पहिला म्हणत राहतो म्हणून दुसऱ्याचं फावतं.

*

मग करायचं काय? माझं म्हणणं मी थोडक्यात मांडतो, आणि ते हट्टाने मांडतो.

गैरहजर फाइल हा अपयशाचा क्षण आहे, आणि तो पहिल्याच सेकंदाला, मोठ्याने यायला हवा. जे जे नाही त्याची सगळी नावं एकदम सांगा. एक मिळवली की दुसरी मागायची, असं सरकारी कचेरीसारखं खेळवू नका. ऑटोकॉन्फ २.७०ने नेमकं हे केलं: कुठल्या कुठल्या मदतनीस फायली सापडत नाहीत त्या एका दमात सांगतो. शिवाय कॉन्फिग-गेस, कॉन्फिग-सब आणि इन्स्टॉल-एसएच आता तो स्वतःबरोबर देतो, म्हणजे खरी फाइल मिळवणं डमी लिहिण्याइतकंच सोपं झालं.

बनवता येणाऱ्या फायली बनवा, वाहून नेऊ नका. रेपोमध्ये पाककृती ठेवा आणि प्रत्येक बिल्डमध्ये ताजं शिजवा. डेबियनमध्ये पॅकेज बांधताना कॉन्फिगर नव्याने बनवणं हे आता डीफॉल्ट आहे. याने सगळं सुटतं असं मी म्हणत नाही. कॉन्फिगर पुन्हा बनवलं तरी टारबॉलमधली एम४ फाइल जागेवर राहू शकते, एक्सझेडमध्ये तिच्यावर मुद्दाम मोठा अनुक्रमांक टाकलेला होता. म्हणून त्याच्या जोडीला टारबॉल आणि रेपो यांत फरक काय, हेही बघावं लागेल. कंटाळवाणं काम आहे. करावं लागेल.

आणि शेवटचं: ‘झालं’ म्हणण्याआधी झालं का ते बघा. आमच्या बिल्डमध्ये आता एक पायरी आहे. पॅकेज बांधून झालं की ते उघडायचं, त्यात असायला हव्यात त्या फायली आहेत का, रिकाम्या नाहीत ना, चेकसम आजचा आहे ना, हे तपासायचं. एकही कमी असेल तर बिल्ड लाल. ती पायरी मी लिहिली. चाळीस ओळी आहेत. पहिल्या महिन्यात तिने दोनदा रिलीज अडवला आणि दोन्ही वेळा लोक माझ्यावर वैतागले. दोन्ही वेळा ती बरोबर होती.

ज्या दिवशी माझी डमी सापडली त्या दिवशी मी मॅनेजरला मेल लिहिली: फाइल माझी आहे, तारीख ही आहे, त्या मुलाने अपडेट टाकलं होतं, त्याचा भत्ता सोडावा. लीडला तो मेल आवडला नाही. त्याचं म्हणणं होतं, ‘टूलचेनमध्ये अडचण होती’ एवढं पुरलं असतं. पुरलं असतंच. तीसुद्धा एक एक्झिट झिरोच झाली असती.

मेलला उत्तर आलं: नोंद घेतली आहे. तोवर त्या मुलाचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं. मी त्याचा नंबर मिळवून फोन केला, काय झालं होतं ते सांगितलं, माफी मागितली. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “सर, म्हणजे मी बरोबर होतो.” मी म्हटलं, हो, तू बरोबर होतास. भत्त्याचं त्याने विचारलं, मी म्हटलं पाठपुरावा करतोय. अजून करतोय.